ड्रॅगनबॉक्स अल्जेब्रा: गेम भारीच, फक्त टॅबलेट हातात देऊन उठून जाऊ नका

भाच्याला बीजगणित सुरू झालं आणि दुसऱ्याच आठवड्यात ताईचा फोन, अरे हा एक्स दिसला की वही मिटतो, तू जरा बघ ना. मी काही शिक्षक नाही, पण आकडेमोड आवडते आणि गेम खेळायची खोड जुनी, त्यामुळे असल्या कामाला घरात मामालाच पुढे करतात. मग दोन गेम आणले. एक पार बोगस निघाला, त्याच्याबद्दल खाली लिहितो पण नाव घेणार नाही, आणि दुसरा हा ड्रॅगनबॉक्स. साधारण तीन महिने झाले वापरून, त्यामुळे पहिल्या दिवसाच्या जोशात लिहीत नाहीये हे आधीच सांगतो.

हा गेम तसा जुना आहे, २०१२ चा. नॉर्वेतल्या वुई वाँट टू नो नावाच्या कंपनीने काढलेला, आणि त्यामागचा माणूस म्हणजे ज्यां-बाप्टिस्ट हुइन, हा स्वतः गणित शिकवायचा. पुढे २०१९ मध्ये कहूटने सगळं विकत घेतलं, त्यामुळे आता शोधताना कहूटच्या नावाने दिसलं तर गोंधळू नका, तेच आहे. कहूट म्हणजे तेच ते वर्गात क्विझ घेतात ते, पण त्याचा आणि या गेमच्या खेळण्याचा काही संबंध नाही.

तर गेम काय आहे. स्क्रीनचे दोन भाग, डावा आणि उजवा. दोन्हीकडे पत्ते पडलेत, पत्त्यांवर मासे, किडे, चित्रविचित्र प्राणी. कुठेतरी एका बाजूला एक चमचमणारी पेटी. पेटीला एकटं पाडायचं, म्हणजे ती ज्या बाजूला आहे तिथले बाकीचे सगळे पत्ते घालवायचे, झालं. एवढंच. प्रत्येक प्राण्याचा एक उजेडातला पत्ता असतो आणि एक अंधारातला, दोन्ही एकमेकांवर टाकले की हिरवा भोवरा होतो, भोवऱ्याला बोट लावलं की तो गायब. सूचना जवळपास नाहीतच, एक बोट येऊन दाखवतं असं ओढ, बाकी तुमचं तुम्ही. भाच्याने पहिल्या वीस मिनिटांत मला एकदाही काही विचारलं नाही, उलट मीच मागून डोकावत होतो तर म्हणे मामा प्लीज मध्ये मध्ये करू नको.

आता बघा गंमत. तो हिरवा भोवरा म्हणजे शून्य. अंधारातला पत्ता म्हणजे वजा. पेटी म्हणजे एक्स. आणि हे कुणी सांगतच नाही! लेव्हल्स पुढे जातात तसा एखाद्या माशाच्या जागी हळूच ए येतो, मग बी येतो, मग काही पत्त्यांवर फाशासारखे ठिपके आणि पुढे आकडे, आणि एक दिवस पेटीच्या जागी चक्क एक्स बसलेला असतो, दोन बाजूंच्या मध्ये बरोबरचं चिन्ह येतं, आणि मुलगा तरीही त्याच स्पीडने खेळतोय कारण त्याच्या दृष्टीने काहीच बदललेलं नाही. मी त्या लेव्हलला मुद्दाम त्याच्या चेहऱ्याकडे बघत होतो. काही नाही. ढिम्म. वहीत ज्या एक्सला बघून पोटात दुखतं तोच एक्स इथे नुसता एक पत्ता, हे बघून मला खरंच कौतुक वाटलं ज्याने कुणी हे डोकं लावलं त्याचं.

अजून एक गोष्ट जी मला जाम आवडली. आपल्याला शाळेत काय शिकवलं होतं आठवा, बरोबरच्या पलीकडे गेलं की चिन्ह बदलतं. प्लसचं मायनस, मायनसचं प्लस. का बदलतं? ते विचारायचं नाही, बदलतं म्हणजे बदलतं, जशी काही मध्ये जकात लागते. या गेममध्ये, निदान आम्ही खेळलो तिथपर्यंत, पत्ता पलीकडे उडी मारतच नाही. तुम्हाला डावीकडचा मासा घालवायचाय ना, मग खालच्या गड्डीतून अंधारातला मासा आणून डावीकडे टाका, आणि लगेच उजवीकडे एक रिकामी जागा लुकलुकायला लागते, तिथेही तोच अंधारातला मासा टाकल्याशिवाय गेम पुढे सरकत नाही. म्हणजे इकडे जे केलं तेच तिकडे. भागाकाराचंही तसंच, एका पत्त्याच्या खाली काही ठेवलं की सगळ्यांच्या खाली जागा लुकलुकतात, दोन्ही बाजूंना, एकही सुटत नाही. वर आणि खाली सेम पत्ता असेल तर एक ठिपक्याचा फासा होतो, म्हणजे एक. शून्य नाही, एक. आमच्या वर्गात अर्धी पोरं दहावीपर्यंत वर-खाली कापलं की तिथे शून्य लिहायची, मीही त्यातलाच, आणि इथे अकरा वर्षांच्या पोराला भोवरा कधी होतो आणि फासा कधी होतो यातला फरक बोटांना माहिती.

स्टार तीन मिळतात लेव्हलला. एक पेटी एकटी पडल्याचा, एक ठरलेल्या चालींत केल्याचा, एक फालतू पत्ते उरले नाहीत त्याचा. तिसऱ्या स्टारसाठी साहेब एकेक लेव्हल चार-चार वेळा खेळले. समीकरण सोपं करून उत्तर लिहा हे वहीत सांगितलं असतं तर घर डोक्यावर घेतलं असतं.

तर इथपर्यंत मी एकदम खूश. ताईला मेसेज करून मोकळा, की तुझ्या पोराचं बीजगणित झालं, दोन आठवड्यांत. आणि मग रविवारी बसलो वही घेऊन. सोपंच दिलं, २ एक्स + ३ = ११. 

बघत बसला. मग म्हणतो, "मामा, यात गड्डी कुठेय?"

मी म्हटलं गड्डी तूच, तुला पाहिजे ते आण. मग त्याने डावीकडे + ३ च्या शेजारी – ३ लिहिलं, दोन्ही खोडले, अगदी व्यवस्थित, आणि खाली लिहिलं २ एक्स = ११. उजवी बाजू तशीच. मी विचारलं, अरे पलीकडे? तर म्हणे, पलीकडे काही लुकलुकलं नाही ना.

हसू आलं आधी, पण नंतर लक्षात आलं की तो चुकीचं बोलत नव्हता. गेमने त्याला दुसरी बाजू कधी विसरूच दिली नव्हती, मग लक्षात ठेवायची वेळ तरी कधी आली? जो नियम सगळ्यात महत्त्वाचा तोच गेम स्वतः पाळत होता आणि पोरगं फक्त लुकलुकणारी भोकं भरत होतं. गाडी शिकताना शेजारी बसलेला माणूसच ब्रेक दाबत असेल तर आपल्या पायाला काय कळणार, तसलं झालं. आणि यात चूक माझीच होती, मी टॅबलेट देऊन सोफ्यावर जाऊन पडत होतो.

मग मी जरा शोधलं की हे आमच्याच घरी झालंय की काय. फक्त आमच्याच घरी नाही झालेलं! कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या यानजिन लाँग आणि व्हिन्सेंट अलेवेन यांनी वर्गातल्या पोरांवर हेच करून बघितलंय, २०१७ मध्ये छापून आलंय. एका गटाला ड्रॅगनबॉक्स, दुसऱ्याला लिनेट नावाचं समीकरणं सोडवून घेणारं साधंसं शिकवणी सॉफ्टवेअर. ड्रॅगनबॉक्सवाल्यांनी जास्त गणितं सोडवली, त्यांना मजाही जास्त आली, आणि नेहमीच्या पद्धतीची समीकरणांची परीक्षा घेतली तर लिनेटवाले पुढे. दुसरीकडे २०१३ मध्ये अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यात या गेमचं एक आव्हान ठेवलं होतं, ४,१९२ मुलं खेळली, आणि दीड तास खेळलेल्यांपैकी ९२.९ टक्के मुलांना ते पक्कं जमलं असं सांगितलं गेलं. हा आकडा जाहिरातबाज लोक फार मिरवतात. पण जमलं म्हणजे काय, तर गेममध्ये जमलं. आमच्या साहेबांनाही गेममध्ये जमतच होतं की.

म्हणजे गेम वाईट का? अजिबात नाही. मला उलट वाटतं की गेमने त्याचं काम चोख केलं, भीती घालवली आणि हालचाली बोटात बसवल्या, कागदापर्यंतचा रस्ता मात्र त्याच्यात बांधलेलाच नाहीये, तो शेजारी बसलेल्या माणसाने बांधायचा. हे गेमच्या वर्णनात कुणी लिहीत नाही म्हणून इथे इतकं लांबण लावतोय.

आम्ही मग काय केलं ते सांगतो, कुणाला उपयोग झाला तर झाला. टॅबलेटच्या शेजारी वही. एक चाल गेममध्ये, तीच चाल लगेच वहीत, चिन्हांत. सुरुवातीला वैतागला, कारण स्पीड जातो, आणि खरं सांगायचं तर गेमची अर्धी मजा स्पीडमध्येच आहे, त्यामुळे रोज पाचच लेव्हल्स अशा आणि बाकी तुझ्या तू खेळ असा तह केला. मग पुढच्या आठवड्यात उलटं, आधी वहीत सगळ्या चाली लिहायच्या आणि मग गेममध्ये त्याच करून बघायच्या, तिन्ही स्टार आले तर बरोबर. हे त्याला आवडलं, कारण यात पैज आहे. आणि तिसरं म्हणजे मधेच थांबवून विचारायचं, आता हा पत्ता टाकलास तर कुठे कुठे लुकलुकेल, टाकायच्या आधी सांग. हा प्रश्न सगळ्यात कामाचा ठरला. चौथ्या-पाचव्या दिवशी बघितलं तर पठ्ठ्या वहीत – ३ लिहिताना उजवीकडे आधी पेन्सिलने छोटा रिकामा चौकोन काढून ठेवतोय, मग तो भरतोय. मी सांगितलं नव्हतं. शाळेत बाईंनी विचारलं हे काय, तर म्हणाला हे लुकलुकतंय. बाईंनी काय समजून घेतलं देव जाणे.

वजाला तो अजूनही "तीनची रात्र" म्हणतो, उजेड आणि अंधार असे दोन पत्ते असतात ना म्हणून. मी दुरुस्त करत नाही. वजा तीन म्हणजे तीनची रात्र, दोन्ही भेटले की भोवरा, माझ्या सगळ्या शालेय आयुष्यात मला वजाची इतकी चांगली व्याख्या कुणी दिली नव्हती.

आता तो बोगस गेम. पाढ्यांचा होता. एक राक्षस चालत येतो, वर प्रश्न येतो ७ गुणिले ८, खाली चार पर्याय, बरोबर दाबलं की तलवार चालते. घड्याळ उलटं पळतंय, नाणी उडतायत, मध्येच बक्षिसाची पेटी, मध्येच जाहिरात. भाचा तासभर खेळला आणि मी बघतोय तर तो प्रश्न वाचतच नव्हता, चारही बटणं धडाधड दाबत होता कारण चुकलं तर फक्त अर्धा सेकंद जात होता आणि विचार केला तर तीन सेकंद. हिशोब त्याचा बरोबर होता! गेमने त्याला हेच शिकवलं की पाढे म्हणजे राक्षस आणि नाण्यांच्या मधे आडवी आलेली कटकट. तिथले पाढे काढून राजधान्या टाकल्या असत्या, स्पेलिंग टाकली असती, काहीच फरक पडला नसता. माझ्या मते ही सगळ्यात सोपी टेस्ट आहे असल्या गेमची: विषय बदलला तरी गेम तसाच्या तसा चालतो का? चालत असेल तर ती गेमचे कपडे घातलेली प्रश्नपत्रिका.

याच्यावरही एक भारी प्रयोग झालाय. जेकब हॅबगुड आणि शॅरन एन्सवर्थ यांनी झोंबी डिव्हिजन नावाचा गेम बनवला, सांगाड्यांच्या छातीवर आकडे, आणि तुमच्या प्रत्येक वाराला एक संख्या, सांगाड्याच्या आकड्याला ज्याने निःशेष भाग जातो तोच वार चालतो. म्हणजे भागाकार हीच लढाई. मग त्याचीच दुसरी आवृत्ती केली, सेम गेम, पण आकडे काढून टाकले आणि लेव्हल संपली की भागाकाराची क्विझ. ७ ते ११ वर्षांची मुलं. पहिल्या आवृत्तीवाली मुलं जास्त शिकली, हे तर झालंच, पण कुठला खेळायचा ते मोकळ्या वेळात मुलांनाच ठरवू दिलं तर भागाकार आत असलेला गेम सातपट जास्त वेळ खेळली. २०११ चं आहे हे. म्हणजे पोरांना गणित नको असतं हे आपण धरून चालतो आणि ते लपवायला नाणी ओततो, आणि पोरं तर गणितवालाच गेम निवडतायत. ड्रॅगनबॉक्स या बाबतीत पैकीच्या पैकी, त्यातून बीजगणित काढलं तर मागे काहीच उरत नाही.

गेमच्या मूळ नावात ५+ होतं, म्हणून धाकट्या भाचीलाही देऊन बघितला, ती पाचाला टेकलीये. तिने मासे-किडे वाल्या लेव्हल्स मजेत केल्या, दादापेक्षा कमी चिडचिड करून, आणि अक्षरं आली तिथे म्हणाली हे बोअर आहे. बरोबर आहे तिचं. पाच वर्षांच्या मुलाने समीकरण सोडवलं म्हणून व्हिडिओ काढणाऱ्यांनी जरा दमाने घ्यावं, तिने पत्ते जुळवले, छान जुळवले, तेवढंच. तिच्यासाठी याच लोकांचा नंबर्स म्हणून वेगळा गेम आहे, त्यात नूम नावाचे रंगीत प्राणी, एक लहान, दहा उंच, एकमेकांच्या डोक्यावर ठेवायचे, कापायचे, कापलं की पाचचे दोन आणि तीन होतात. ज्यांनी लहानपणी कुइझनेअरच्या रंगीत कांड्या, म्हणजे लांबीवरून आकडा दाखवणाऱ्या, हाताळल्यात त्यांना लगेच ओळखीचं वाटेल. बरा आहे.

पण खरं सांगू का, त्या वयाला मी टॅबलेट बाजूला ठेवून आकड्यांचा पट काढेन. साधा, सरळ रेषेत एक ते दहा घरं, एक सोंगटी. गीता रमाणी आणि रॉबर्ट सीग्लर या संशोधकांनी २००८ मध्ये दाखवलंय की गरीब घरातली शाळेआधीची मुलं असा पट दोन आठवड्यांत चार वेळा, एका वेळी पंधरा-वीस मिनिटं खेळली तर त्यांची आकड्यांची समज सुधारली आणि नऊ आठवड्यांनीही टिकून होती, आणि त्याच पटावर आकड्यांऐवजी नुसते रंग असले तर काही झालं नाही. आणि मला सगळ्यात आवडलेला भाग पुढचा आहे. नंतर शंभरपर्यंतच्या पटावर करून बघितलं तेव्हा कळलं की मोजायचं कसं त्यावरही अवलंबून आहे. पाचवर असताना तीन पडले तर आपण काय म्हणतो, एक, दोन, तीन. त्याचा फारसा फायदा नाही. सहा, सात, आठ असं घरातले आकडे म्हणत पुढे जायचं, तेव्हा शिकतात. पट तोच, सोंगटी तीच, फक्त तोंडाने काय म्हणायचं तेवढं बदललं! म्हणजे इथेही पुन्हा शेजारी कोण बसलंय आणि काय म्हणायला लावतंय यावरच येऊन थांबलं. मी भाचीशी आता तसंच खेळतो, आणि मी सवयीने एक-दोन-तीन म्हटलं की ती माझी सोंगटी मागे नेऊन ठेवते.

बाकी ड्रॅगनबॉक्समधल्या छोट्या गोष्टी. जाहिराती नाहीत, नाणी नाहीत, घड्याळ नाही, ही तिन्ही मोठी कौतुकं. चुकलं तर गेम ओरडत नाही, मागे घ्यायचं बटण आहे, पाहिजे तितका वेळ बसा. चित्रं गोड आहेत, लेव्हल्सबरोबर एक पिल्लू ड्रॅगन मोठा होत जातो आणि पेटी एकटी पडली की उरलेलं सगळं गट्टम करते, तो आवाज मात्र तीन महिने ऐकून माझ्या डोक्यात जातो, आवाज बंद ठेवा. शब्द-उदाहरणं, म्हणजे अमुकचं वय तमुकच्या दुप्पट असली, त्याला याचा शून्य उपयोग, कारण समीकरण मांडणं यात कुठेच नाही, मांडलेलंच हातात येतं. ती लढाई आम्ही आता वेगळी लढतोय. मोठ्या मुलांसाठी १२+ वाली आवृत्तीही आहे, कंस वगैरे असलेली, आणि भूमितीसाठी एलिमेंट्स नावाचा अजून एक, तो युक्लिडवर बेतलाय. भाच्याने आत्तापासूनच मागणी केलीये, मी म्हटलंय आधी वहीतली प्रकरणं दाखव.

ज्यांच्या घरात एक्सला घाबरणारं पोर आहे त्यांनी जरूर घ्या, आणि रोज अर्धा तास शेजारी बसायला जमणार असेल तरच घ्या. नुसतं गप्प बसवायला काहीतरी हवं असेल तर मग कुठलाही गेम चालेल, याच्यावर कशाला खर्च करताय. मी पाचपैकी चार देतोय. कापलेला एक त्या आवाजासाठी नाही, लुकलुकणाऱ्या भोकांसाठी आहे, पुढच्या लेव्हल्समध्ये ती हळूहळू बंद करायची सोय हवी होती, म्हणजे पोराला स्वतःच आठवावं लागलं असतं की पलीकडेही एक बाजू आहे.